पहिल्या दिवसाचं पाकीट, दुसऱ्यांदा

माझ्या अल्बमच्या एका पानावर एकाच तिकिटाची दोन पाकिटं शेजारी शेजारी लावलेली आहेत. डावीकडच्याचा कोपरा उंदराने कुरतडावा तसा गेलाय, तिकिटाच्या मधोमध यंत्राच्या पट्ट्याची काळी घसट आहे, आणि मी दोन संध्याकाळी खपून शाईपेनाने काढलेलं दीपगृहाचं चित्र पाणी लागून पसरलंय. उजवीकडचं पाकीट कोरं करकरीत आहे. शिक्का गोल, काळाभोर, अक्षर न् अक्षर वाचता येतं. चित्र मात्र नाही. तारीख दोन्हींवर एकच.

पण उजवीकडचं पाकीट त्या तारखेनंतर पाच महिन्यांनी माझ्या हातात पडलं. पहिलं फाटून आलं म्हणून मी एका परदेशी टपाल खात्याला पत्र लिहिलं, सोबत फाटक्या पाकिटाची रंगीत झेरॉक्स जोडली, आणि त्यांनी बदल्यात हे दुसरं पाठवलं. कोणत्या देशाचं खातं, ते राहू द्या. चूक झाली तशी त्यांनी ती निस्तरलीही.

मागच्या दिवाळीत पुतण्या अल्बम चाळत होता. त्याने दोन्ही पाकिटं पाहिली, मी हकिगत सांगितली, आणि तो म्हणाला, “काका, म्हणजे हे दुसरं डुप्लिकेट ना?”

“डुप्लिकेट नाही रे. बदली आहे.”

“फरक काय?”

फरक समजावताना चकल्यांचा डबा अर्धा झाला. त्याला सांगितलं तेच इथे जरा नीट लावून लिहितोय.

आधी साधं फर्स्ट डे कव्हर

नवं तिकीट ज्या दिवशी विक्रीला येतं, त्याच दिवसाच्या तारखेचा शिक्का त्या तिकिटावर मारलेलं पाकीट म्हणजे फर्स्ट डे कव्हर. संग्राहक बोलताना नुसतं ‘एफडीसी’ म्हणतात. त्यात पाहायच्या गोष्टी तीन: तिकीट, शिक्का आणि पाकिटाच्या डाव्या बाजूला छापलेलं किंवा काढलेलं चित्र. या चित्राला ‘कॅशे’ म्हणतात. कॅशे नसला तरी एफडीसी ते एफडीसीच. शिक्का नसेल तर मात्र ते नुसतं तिकीट लावलेलं पाकीट.

पहिला दिवस कोणता, हे ऐकायला सोपं वाटतं, पण जगातल्या पहिल्या तिकिटापासूनच त्यात गोंधळ आहे. ब्रिटनमध्ये पेनी ब्लॅक १ मे १८४० पासून लोकांना विकत मिळू लागलं, पण वापरायला परवानगी होती ६ मेपासून. लोक कुठले थांबतात! २ मेचा शिक्का असलेली पत्रं सापडली आहेत. मग पेनी ब्लॅकचं फर्स्ट डे कव्हर कोणतं? अधिकृत उत्तर ६ मे. पण २ मेचं पत्र ज्याच्याकडे आहे, तो ६ मेवाल्याकडे बघून गालातल्या गालात हसत असणार.

त्या काळात पहिल्या दिवसाचा असा काही सोहळा नव्हता. पत्र टाकलं, शिक्का बसला, संपलं. अमेरिकेत १ सप्टेंबर १९२३ रोजी वॉरन हार्डिंग या नुकत्याच निधन पावलेल्या राष्ट्राध्यक्षांचं तिकीट निघालं, तेव्हा जॉर्ज लिन या गृहस्थाने पाकिटावर शोकाचा काळ्या चौकटीतला मजकूर छापून घेतला. छापील कॅशेची सुरुवात तिथून धरतात. शिक्क्यातच ‘फर्स्ट डे ऑफ इश्यू’ हे शब्द यायला आणखी चौदा वर्षं लागली. १३ जुलै १९३७ चं एक तिकीट आहे, नॉर्थवेस्ट टेरिटरीच्या अध्यादेशाच्या दीडशे वर्षांनिमित्त काढलेलं, त्याच्यावर ते पहिल्यांदा आले. ब्रिटिश टपाल खात्याने स्वतःचं छापील एफडीसी विकायला काढलं ते १९६४ मध्ये, शेक्सपिअरच्या तिकिटांसोबत.

यात पुतण्याने बरोबर पकडलेली एक गोष्ट आहे. हळूहळू पत्र मागे पडलं आणि पाकीट पुढे आलं. जे निरोप घेऊन जायला निघालं होतं, ते आता निघतानाच स्मरणवस्तू म्हणून निघतं. एकदा हे झालं, की ‘पहिला दिवस’ या शब्दांचा अर्थही थोडा सरकतो.

मुहूर्त आणि घड्याळ

पत्रिकेवर मुहूर्त बारा पस्तीसचा छापलेला असतो. नवरदेव परण्यावरून यायला उशीर, मामा सापडत नाहीत, अक्षता पडेपर्यंत एक वाजतो. तरी लग्न त्या मुहूर्तावर लागलं असंच आपण म्हणतो, आणि त्यात कुणाला खोटेपणा वाटत नाही. एफडीसीवरची तारीख ही अशी मुहूर्ताची तारीख असते, घड्याळाची असेलच असं नाही.

अमेरिकेचं उदाहरण घेऊ, कारण तिथे याचे नियम लिहून ठेवलेले आहेत. ५ ऑक्टोबर २०१६ ला अमेरिकेच्या टपाल खात्याने दिवाळीचं तिकीट काढलं. पेटती पणती, सोनेरी पार्श्वभूमी. प्रकाशनाचं गाव न्यूयॉर्क. तिथल्या मराठी मंडळींनी त्या दिवाळीत फराळाच्या डब्यांवर, शुभेच्छापत्रांवर ती तिकिटं हौसेने लावली. पण एफडीसी हवं म्हणून काही सगळ्यांना ५ तारखेला न्यूयॉर्कमध्ये हजर राहता येत नव्हतं, आणि त्याची गरजही नव्हती. तिकीट आपल्या गावच्या पोस्टातून घ्यायचं, आपल्या पाकिटावर चिकटवायचं, पाकिटावर आपलाच पत्ता घालायचा आणि ते मोठ्या लिफाफ्यात घालून सांगितलेल्या पत्त्यावर पाठवायचं. तिथे त्यावर ५ ऑक्टोबरचा, न्यूयॉर्कचं नाव असलेला शिक्का बसून ते परत येतं. त्यासाठी तेव्हा ६० दिवसांची मुदत होती. पुढे ती १२० दिवस झाली. म्हणजे नोव्हेंबरअखेरीस पाठवलेल्या पाकिटावरही ऑक्टोबरच्या पाच तारखेचाच शिक्का, आणि तो पूर्णपणे कायदेशीर.

हल्ली तर गावही मुहूर्ताचंच असतं. तिकिटाचं प्रकाशन अलास्कात होवो की फ्लोरिडात, पोस्टाने पाठवलेली पाकिटं जातात मिझुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीला. तिथे चुनखडीच्या जुन्या खाणीत जमिनीखाली एक अवाढव्य गोदामनगरी आहे आणि अमेरिकेच्या टपाल खात्याचं तिकिटं पुरवणारं केंद्र त्यात आहे. पत्त्यातल्या रस्त्याचं नावच ‘अंडरग्राउंड ड्राइव्ह’! खाणीत तापमान बाराही महिने जवळपास सारखं राहतं, त्यामुळे गोंदाच्या तिकिटांना ते मानवतं. पन्नास पाकिटांपर्यंत शिक्के फुकट, त्यापुढे दर शिक्क्याला पाच सेंट.

भारतातल्या पत्त्यावर थेट मागवायचं असेल तर पोस्टेजचं गणित आधी जमवावं लागतं. २०१६ चं दिवाळीचं एक तिकीट ४७ सेंटचं, आणि परदेशी पत्राला तेव्हा १ डॉलर १५ सेंट लागायचे. म्हणजे तीन पणत्या लावल्या तर पाकीट डोंबिवलीला येणार. नाहीतर न्यू जर्सीच्या मावसबहिणीच्या पत्त्यावर एकच तिकीट लावून मागवायचं आणि ती मे महिन्यात येईल तेव्हा तिच्या बॅगेतून. मी दुसरा मार्ग पत्करतो. त्यात पाकीट फाटत नाही, फक्त कधीकधी त्याला चॉकलेटचा वास येतो.

बदली कव्हर म्हणजे काय

आता मूळ प्रश्न. हाताने किंवा यंत्राने हजारो पाकिटांवर शिक्के मारताना काही बिघडणारच. शिक्का अर्धा उठतो, शाई पसरते, एखादं पाकीट शिक्का न बसताच पुढे सरकतं. परतीच्या वाटेवर छाननीच्या यंत्रात कोपरा अडकतो. काही पाकिटं पोचतच नाहीत. पाठवणाऱ्याने तर वेळेत सगळं केलेलं असतं, आणि आता मुदत संपलेली. त्याच्यासाठी अमेरिकेच्या टपाल खात्यासारखी खाती नव्या तिकिटाची काही पाकिटं शिक्का मारून स्वतःजवळ बाजूला ठेवतात. तक्रार आली, ती रास्त वाटली, की त्या साठ्यातलं एक पाकीट देतात. हे झालं बदली कव्हर.

त्यात काय मिळतं, काय मिळत नाही? तिकीट खरं, शिक्का खरा, आणि तो मारण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्यानेच मारलेला. मिळत नाही ते तुमचं. तुम्ही निवडलेला कागद, तुम्ही काढलेलं चित्र, दोन तिकिटं तिरकी लावून साधलेली गंमत, आजोबांच्या हस्ताक्षरातला पत्ता. पोस्ट शिक्का परत देऊ शकतं, बाकीचं कुठून देणार?

म्हणून कॅशे ज्याच्या दृष्टीने मुख्य, त्याला बदली कव्हर हा सांत्वनाचा नारळ वाटतो. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं. दीपगृह गेलं ते गेलंच. पण हळूहळू मला त्या कोऱ्या पाकिटाचं आकर्षण वाटू लागलं. एक तर शिक्का. गर्दीत मारलेल्या आणि निवांत मारलेल्या शिक्क्यात फरक दिसतो. भिंगाखाली माझ्या बदली कव्हरावरच्या अक्षरांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या आहेत. आणि दुसरं म्हणजे, ही पाकिटं मागून मिळत नाहीत. ती विकत घेता येत नाहीत, दुकानात नसतात. तुमचं काहीतरी बिघडलं तरच ती येतात. जी वस्तू फक्त नुकसानीतून जन्माला येते, तिची संख्या आपोआप मर्यादित राहते. तरी बहुतेक लोक ती नेहमीच्या एफडीसीत मिसळून टाकतात, कारण कोऱ्या पाकिटाकडे कुणी दुसऱ्यांदा पाहत नाही.

पुतण्याचा प्रश्न इथे सुटतो. ज्या अधिकाराने पहिल्या पाकिटावर मुदतीच्या आत पण पहिल्या दिवसानंतर पहिल्या दिवसाची तारीख उमटली, त्याच अधिकाराने दुसऱ्यावरही उमटली. पहिलं खरं मानायचं तर दुसरंही मानावं लागतं. पुतण्याने यावर थोडा विचार करून विचारलं, “मग दोन्ही खोटी असं पण म्हणता येईल ना?” म्हणता येईल. असं म्हणणारे संग्राहक आहेतही. त्यांना प्रत्यक्ष त्याच दिवशी, साध्या तारखेच्या शिक्क्यानिशी टपालातून गेलेलं पत्र लागतं. त्यांचा छंद जास्त कडक आहे, खिसाही बहुधा.

तारखेची ही अडचण एका टपाल खात्याने फार सरळपणे सोडवली होती. १५ फेब्रुवारी १९७१ ला ब्रिटनने शिलिंग-पेन्सची जुनी पद्धत सोडून दशमान चलन आणलं आणि त्याच दिवशी नव्या पेनीतली तिकिटं काढली. नेमका तेव्हा टपाल कामगारांचा संप चालू होता. जानेवारीत सुरू झालेला तो संप मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालला. एफडीसी तर लोकांना हवी होती. मग पाकिटांवर मजकूर आला: टपाल संपामुळे पाठवण्यास उशीर, १९७१. मुहूर्त १५ फेब्रुवारीचाच, पण घड्याळात किती वाजले होते तेही पाकिटावरच कबूल केलेलं. बदली कव्हरांवरही प्रत्येक देशाने अशी एक ओळ ठळक छापावी असं मला वाटतं. विकणाऱ्याला ते रुचणार नाही, घेणाऱ्याला रुचेल.

जाता जाता, पाकीट सोडून तिकीटच बदली दिल्याचंही उदाहरण आहे. अमेरिकेच्या ‘लेजंड्स ऑफ द वेस्ट’ या तिकीटपत्रकात बिल पिकेट या नामांकित कृष्णवर्णीय काउबॉयच्या जागी त्याच्या भावाचा चेहरा छापला गेला. १९९४ च्या सुरुवातीला खात्याने पत्रकं परत बोलावली, पण काही आधीच विकली गेली होती. मग चेहरा सुधारून नवं पत्रक ऑक्टोबरमध्ये आणलं, आणि चुकलेल्यांपैकी दीड लाख पत्रकं सोडत काढून विकली. बिचाऱ्या पिकेटला स्वतःच्या तिकिटावर यायला दुसऱ्यांदा जन्म घ्यावा लागला.

आपल्याकडे

स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ चं, तिरंग्याचं, साडेतीन आण्यांचं, कोपऱ्यात ‘जय हिंद’. स्वातंत्र्याच्या पहिल्या वाढदिवसाला, म्हणजे १५ ऑगस्ट १९४८ ला, गांधीजींची चार तिकिटं आली: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. छपाई स्वित्झर्लंडमधल्या कुर्वाझिए यांची. या चारही तिकिटांचं एफडीसी दुर्मीळ का, हे कळायला फार अभ्यास लागत नाही. तेव्हा देशातलं साधं पत्र दीड आण्यात जायचं. दहा रुपये म्हणजे एकशे साठ आणे. शंभराहून जास्त पत्रांचे पैसे एका पाकिटावर चिकटवून त्यावर शिक्का मारून घ्यायचा, हा शौक किती जणांना परवडला असेल? बहुतेकांच्या एफडीसीवर लहान किमतीची तीनच तिकिटं दिसतात.

मराठी घरांत जुन्या कागदांत हमखास सापडतील अशी काही एफडीसी आहेत. लोकमान्यांच्या जन्मशताब्दीचं, २३ जुलै १९५६ चं. शिवाजी महाराजांचं १९६१ चं. आणि माझं सगळ्यात आवडतं, १८ एप्रिल १९५८ चं, धोंडो केशव कर्व्यांचं. त्या दिवशी अण्णा शंभर वर्षांचे झाले. जिवंतपणी स्वतंत्र भारताच्या तिकिटावर झळकलेले ते पहिले. त्या पाकिटाचा पहिला दिवस हा खऱ्या अर्थाने एका माणसाचाही दिवस होता. अलीकडचं म्हणाल तर सचिनचं, १४ नोव्हेंबर २०१३, वानखेडेवर त्याची दोनशेवी कसोटी सुरू झाली त्या दिवशीचं. ते घराघरात आहे, त्यामुळे ते विकून घर होणार नाही.

आपल्याकडचा रिवाज अमेरिकेपेक्षा वेगळा. इथे पाकीट बहुधा टपाल खात्यानेच छापलेलं असतं, कॅशेसकट. तुम्ही फिलाटेलिक ब्युरोच्या, म्हणजे पोस्टातल्या तिकीट-संग्राहकांसाठीच्या विभागाच्या, खिडकीवर जाता, पाकीट, तिकीट आणि सोबतचं माहितीपत्रक घेता, शिक्का मारून घेता. मुंबईकरांसाठी बोरीबंदरजवळचं जीपीओ, विजापूरच्या गोल घुमटाची आठवण करून देणारा घुमट असलेली ती १९१३ ची इमारत. ज्यांना जाणं जमत नाही त्यांनी दोनशे रुपये भरून फिलाटेलिक डिपॉझिट अकाउंट उघडायचं, मग नवी तिकिटं आणि एफडीसी घरी येतात.

याचा फायदा असा की बदलीचा प्रश्न खिडकीवरच सोडवता येतो. शिक्का पुसट उठला तर तिथल्या तिथे दुसरं पाकीट घ्या. पण त्यासाठी खिडकी सोडण्याआधी पाकीट बघायची सवय हवी, जी मला लागायला दहा वर्षं गेली. ओल्या शिक्क्यावर पाकिटावर पाकीट ठेवून, पिशवीत टाकून, लोकलला लोंबकळत घरी आलो, की प्रत्येकाच्या पाठीवर दुसऱ्याचा शिक्का उलटा छापलेला असायचा. यात पोस्टाचा काय दोष? आता मी टिपकागदाचे तुकडे सोबत नेतो आणि शिक्का मारणाऱ्या बाईंना आधीच सांगतो, “ताई, जरा सावकाश, घाई नाही.” त्या हसतात आणि सावकाश मारतात. निम्मं संग्रहशास्त्र त्या एका वाक्यात आहे.

सैनिकी टपालाचे, म्हणजे ५६ एपीओचे शिक्के असलेली एफडीसी गोळा करणारा एक वेगळाच पंथ आपल्याकडे आहे. त्यात शिरलो तर हा लेख संपायचा नाही.

बदली आणि बनावट

बदली कव्हर खरं, हे मान्य केलं की लगेच पुढचा धोका येतो. विकणारा म्हणतो, “साहेब, शिक्का नंतर मारलाय, पण बदली आहे.” कोणतंही संशयास्पद पाकीट या एका शब्दाखाली खपवता येतं. म्हणून फरक पक्का लक्षात ठेवायचा. बदली देतं ते टपाल खातं, स्वतःच्या शिक्क्याने, स्वतःच्या साठ्यातून. जुनं कोरं तिकीट जुन्या कोऱ्या पाकिटावर चिकटवून घरी बनवलेल्या रबरी शिक्क्याने जुनी तारीख उठवली, तर ती सरळ फसवणूक.

ओळखायला साध्या खुणा आहेत. शिक्क्याची त्याच तिकिटाच्या खात्रीच्या शिक्क्याशी तुलना करा: वर्तुळाचा व्यास, अक्षरांमधलं अंतर, देवनागरीतल्या मात्रांची वळणं. बनावटवाल्यांचा हात मात्रेवर हमखास अडखळतो. पाकीट रजिस्टर्ड असेल तर मागे पोचल्याचा शिक्का हवा आणि त्याची तारीख प्रवासाच्या दृष्टीने पटणारी हवी. गांधीजींच्या दहा रुपयांच्या तिकिटाचे तर नुसतेच बनावट नमुने बाजारात पुष्कळ आहेत. पाकिटावरचं असेल तर दुप्पट सावध राहायचं.

कागद तपासायला नोटा तपासण्याचा छोटा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च पुरतो. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात मिसळायची चमकद्रव्यं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्रास आली. १९४८ चं म्हणून दाखवलेलं पाकीट अंधारात या उजेडाखाली निळसर पांढरं झळाळलं, तर मी ते हळूच मालकाच्या हातात परत देतो आणि चहाचा विषय काढतो. मंद, पिवळट दिसलं म्हणून खरंच असेल असं मात्र नाही. जुना कागद जुन्या वह्यांतूनही मिळतो.

ठेवायचं कसं

बदली कव्हराची किंमत त्याच्यासोबतच्या कागदात असते. खात्याचं पत्र, आलेला बाहेरचा लिफाफा, तुमच्या तक्रारीची प्रत. हे नसेल तर उद्या तुमच्या मुलांच्या लेखी ते एक कॅशे नसलेलं, जरा कंटाळवाणं एफडीसी. तक्रारीसोबत मूळ फाटकं पाकीट मागितलं गेलं तर देण्याआधी दोन्ही बाजू स्कॅन करून ठेवा. परत मिळालं किंवा मागितलंच नाही, तर ते फेकू नका. माझ्या दृष्टीने पानावर दोन्ही एकत्र असली तरच गोष्ट पुरी होते.

फाटक्या टपालाची तशीही वेगळी जमात आहे. अमेरिकेत टपाल वाटेत फाटलं तर खातं ते दिलगिरी छापलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून देतं. तिकडचे संग्राहक पाकिटाबरोबर पिशवीही जपतात. विमान अपघातातून वाचलेली पत्रं तर अभ्यासाचा स्वतंत्र विषय आहे. एअर इंडियाची ‘मलबार प्रिन्सेस’ १९५० मध्ये आणि ‘कांचनजंगा’ जानेवारी १९६६ मध्ये, दोन्ही विमानं आल्प्समधल्या माँ ब्लां शिखरावर कोसळली. दुसऱ्यात होमी भाभा होते. तिथल्या हिमनदीने २०१२ मध्ये ‘कांचनजंगा’तली परराष्ट्र खात्याच्या टपालाची थैली परत दिली. भाभांचं तिकीट ऑगस्ट १९६६ मध्ये आलं. त्याचं एफडीसी माझ्याकडे आहे. ते अगदी स्वच्छ आहे, आणि त्या पानाशी आलो की मला ते जरा जास्तच स्वच्छ वाटतं.

बाकी काळजी आपल्या हवेची. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर पाकिटांचा शत्रू हवेतच असतो. तांबूस ठिपके पडायला लागले की थांबवता येतात, घालवता येत नाहीत. पाकिटाची जीभ कधीही चिकटवू नका. ती आत मोडून ठेवा आणि आत एक जाड पांढरं कार्ड सरकवा, म्हणजे कोपरे दुमडत नाहीत. चकचकीत मऊ पीव्हीसीचे खिसे टाळा. त्यांना काही वर्षांनी चिकटपणा सुटतो आणि शाई प्लास्टिकवर जाते. माझी तीन एफडीसी अशीच गेली, आणि त्यांची बदली कुणाकडे मागणार? पॉलिप्रॉपिलीनचे खिसे घ्या. अल्बम उभे ठेवा, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि गणपतीच्या आधी एकदा बदला. एवढं सगळं करूनही आधुनिक एफडीसी विकून पैसे होतील अशी आशा धरू नका. बहुतेकांना घेतल्या भावाइतकेही येत नाहीत.

आणि पेन्सिल. शाई नको, मऊ पेन्सिल. मी प्रत्येक पाकिटाच्या मागे, जिभेखाली, बारीक अक्षरात ते कधी आणि कसं मिळालं ते लिहितो. उजवीकडच्या त्या कोऱ्या पाकिटाच्या मागे लिहिलंय: ‘बदली. मूळ शेजारी. दीपगृह मूळवर.’ पुतण्याने ते वाचलं, डावीकडचं पाकीट पुन्हा उजेडात धरलं, आणि पसरलेल्या शाईत दीपगृह शोधायला लागला. “हे का, काका?” त्याने बोट ठेवलं. ते झाड होतं. दीपगृह त्याच्या वर.